मरीन टँकमधलं शेवाळ: आधी हातानं काढा, मग कारणाला हात घाला

घरी खाऱ्या पाण्याची टाकी लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या काही महिन्यांत एक कोडं पडतं. चाचणी केली तर नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि खडकांवर मात्र बोटभर लांबीचं हिरवं शेवाळ डुलत असतं. किट खराब आहे असं वाटून माणूस दुसरं किट आणतो, तेही शून्यच दाखवतं.

किट बहुतेक वेळा बरोबर असतं. चाचणीत दिसते ती पाण्यातली शिल्लक. रोज आत किती खत (म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट) येतं आणि त्यातलं किती शेवाळानं आधीच खाऊन टाकलं, हे त्यात कळत नाही. शून्य आकडा आणि हिरवेगार खडक एकत्र दिसले, की खत शेवाळाच्या अंगात बसलंय असं समजावं. म्हणून माझा आग्रह असा: बाटलीतलं औषध ओतण्याआधी ते शेवाळ हातानं काढून टाकीबाहेर टाका. शेवाळ आतच मेलं तर कुजून सगळं नायट्रेट-फॉस्फेट परत पाण्यात सोडतं, आणि महिनाभरात तेच चित्र पुन्हा उभं राहतं.

खालचे आकडे मी साधारण २०० लिटर पाणी, चार-पाच मासे, थोडी सॉफ्ट कोरल्स आणि खाली सम्प (फिल्टरची उपकरणं ठेवायची दुसरी टाकी) अशी टाकी धरून दिले आहेत. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जमेल असा हा आकार आहे. तुमची टाकी लहान-मोठी असेल तर त्या प्रमाणात हिशोब करा.

पायरी १: नक्की काय उगवलंय ते ओळखा

ही पायरी चुकली तर पुढचे उपाय उलटे पडतात, म्हणून इथे घाई नको.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी धूळ बसते. ते डायाटम. त्यांना सिलिकेट लागतं, ते संपलं की बहुधा आपोआप जातात. काच पुसा, बाकी काही करू नका.

हिरवे, मऊ, केसांसारखे धागे म्हणजे हेअर अल्गी. चिमटीत धरून ओढले तर बऱ्यापैकी सुटून येतात. याच्यासारखंच दिसणारं पण गडद आणि पिसासारखी बारीक फांदी असलेलं ब्रायोप्सिस हे वेगळं प्रकरण आहे. एक धागा पाण्याच्या पांढऱ्या वाटीत ठेवून भिंगातून बघा. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना पिसाच्या केसांसारख्या फांद्या दिसल्या तर ब्रायोप्सिस. ते बहुतेक गोगलगायी खात नाहीत आणि फॉस्फेट कमी केलं तरी हटत नाही.

खडकाच्या खाचेत हिरव्या काचेच्या मण्यांसारखे फुगे दिसले तर व्हॅलोनिया, म्हणजेच बबल अल्गी. लालसर-जांभळी साय, जी बोटानं उचलली तर चादरीसारखी निघते आणि वास मारते, ती सायनोबॅक्टेरिया. ते शेवाळ नाहीच, जिवाणू आहेत. पाण्याचा प्रवाह जिथे मंद, तिथे ते आधी बसतात.

सर्वांत फसवे डायनोफ्लॅजेलेट, आपल्या बोलण्यातले डायनो. तपकिरी, चिकट, शेंबडासारख्या तारा आणि त्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे. दुपारी भरपूर, रात्री दिवे गेल्यावर जवळजवळ गायब. गोगलगायी कारण नसताना मरू लागल्या तर यांचाच संशय घ्यावा, कारण काही जाती विषारी असतात. खात्री करायला थोडा चिकटा टाकीतल्या पाण्यासह बाटलीत घ्या, जोरात हलवून तारा मोडा, कॉफीच्या गाळणकागदातून पाणी गाळा आणि ते गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पाण्यात पुन्हा चिकट तारा जमल्या तर डायनो असण्याची शक्यता दाट. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तमच.

डायनो असतील तर पुढे लिहिलेला फॉस्फेट घटवण्याचा भाग तुमच्यासाठी नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणलेल्या टाक्यांत ते विशेष माजतात. तिथे उलट खाद्य थोडं वाढवावं लागतं, फॉस्फेट शोषणारी माध्यमं काढावी लागतात, आणि रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींसाठी यूव्ही (अतिनील) दिवा लावावा लागतो.

गुलाबी-जांभळा कठीण थर दिसला तर तो घासू नका. ते कोरलाइन शेवाळ. ते खडक व्यापतं तेव्हा बाकीच्यांना जागा कमी पडते.

पायरी २: हातानं काढा

सामान साधं आहे: दोन बादल्या, कडक केसांचा टूथब्रश, सहा मिलिमीटरची मऊ नळी, दोन-तीन प्लास्टिकचे टाय, फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) आणि हातमोजे.

हातमोजे गांभीर्यानं घ्या. झोअँथिड आणि पॅलिथोआ या कोरल्सच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. असे खडक कोरडे घासणं, त्यांच्यावर गरम पाणी ओतणं, किंवा शेवाळ मारायला खडक पातेल्यात उकळणं हे कधीच करू नका. वाफेतून विष श्वासात जाऊन घरातली माणसं दवाखान्यात पोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत. डोळ्यांवर चष्मा असलेला बरा.

आता टूथब्रशच्या दांड्याला नळी टायनं अशी बांधा, की नळीचं तोंड ब्रशच्या केसांच्या अगदी शेजारी येईल. दुसरं टोक खाली बादलीत, सॉकच्या आत. सायफन सुरू करून खडक घासायला घ्या. तुटलेला धागा पाण्यात तरंगण्याआधीच नळीत ओढला जातो, आणि साऱ्या कामाचं मर्म यातच आहे. नुसतं घासलं तर प्रत्येक तुकडा पाण्याबरोबर जाऊन दुसऱ्या खडकावर रुजतो. सॉकमधून गाळलेलं पाणी स्वच्छ असेल तर परत टाकीत ओता, म्हणजे एका बैठकीत तासभर काम केलं तरी पाणी कमी पडत नाही. बादली भरू लागली की मध्ये थांबा. सॉक पिळला तर मूठभर हिरवा गोळा निघेल. तो गोळा म्हणजे टाकीतून कायमचं गेलेलं खत.

जे खडक उचलता येतात ते बाहेर काढून बादलीतल्या टाकीच्याच पाण्यात घासा. उरलेल्या मुळांवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावता येतं. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारी बाटली बहुधा ६ टक्क्यांची असते, तेव्हा लेबल वाचा आणि तेवढंच आरओचं पाणी मिसळून ते ३ टक्के करा. खडक पाण्याबाहेर धरून फक्त शेवाळाच्या जागी ड्रॉपरनं थेंब सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा, दुसऱ्या बादलीतल्या खाऱ्या पाण्यात खळबळून परत ठेवा. काही दिवसांत तो भाग पांढुरका पडतो. कोळंबी, ॲनिमोन किंवा कोरल चिकटलेल्या खडकावर हा प्रयोग नको.

व्हॅलोनियाचे फुगे फोडू नका, देठापासून खरवडून अख्खे काढा. सायनोची साय तर सायफननं सहज ओढली जाते.

हे काम दर आठवड्याला, पाणी बदलायच्या दिवशीच करायचं. सुरुवातीला तीन-चार आठवडे तरी खंड पडू देऊ नका.

पायरी ३: पाणी तपासा, विशेषतः भर घालायचं पाणी

पाणी बदलतानाच्या पाण्याकडे लोक लक्ष देतात, पण उडून गेलेल्या पाण्याच्या जागी रोज घालायच्या भरीकडे दुर्लक्ष होतं. टाकीतून रोज तीन लिटर पाणी उडतं असं धरा. उन्हाळ्यात पंखा लावून टाकी गार ठेवत असाल तर जास्तच. वर्षाचे झाले १०९५ लिटर, म्हणजे २०० लिटरच्या टाकीत पाचपटीहून अधिक पाणी नुसत्या भरीतून गेलं. उडतं ते निव्वळ पाणी. त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट मागेच राहतं. भरीच्या पाण्यात १० पीपीएम (लिटरमागे १० मिलिग्रॅम) नायट्रेट असेल तर रोज ३० मिलिग्रॅम आत गेलं, आणि शेवाळानं काहीच खाल्लं नाही तर महिन्याला साधारण साडेचार पीपीएमची वाढ.

स्वयंपाकघरातला आरओ इथे पुरत नाही. पाण्याला चव राहावी म्हणून त्यात टीडीएसचा (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण ठरवणारा) एक व्हॉल्व्ह असतो, जो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो, आणि अनेक मशिनांत शेवटी खनिजं घालणारं कार्ट्रिज असतं. प्यायला ते ठीक, टाकीला नाही. मेम्ब्रेनमधून निघालेलं पाणी, व्हॉल्व्ह आणि खनिज कार्ट्रिज वगळून, वेगळ्या नळीनं काढून घ्या आणि पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचं) कार्ट्रिज जोडा. ३०० टीडीएसचं पाणी चांगल्या मेम्ब्रेननंतर १५-२० वर येतं, रेझिननंतर शून्यावर. टँकर किंवा बोअरवेलचं पाणी असेल तर रेझिन फार लवकर संपतं. रंग बदलणारं रेझिन घ्या, आणि शेवटचा थर बदलायची वाट पाहू नका. रेझिन थकू लागलं की सिलिकेट आधी निसटतं आणि टीडीएस मीटरला ते धड दिसत नाही. जुन्या टाकीत अचानक डायाटम परतले तर पहिला संशय रेझिनवर घ्यावा.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, तेव्हा सेडिमेंट फिल्टर एरवीपेक्षा लवकर बदला. तो तुंबला की मेम्ब्रेनवर ताण येतो.

जुहू किंवा गिरगावच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणायचा विचार मनात येत असेल तर तो सोडून द्या. शहराच्या किनाऱ्याला सांडपाणी मिसळतं, पावसाळ्यात खारेपणाही घसरतो. मरीन सॉल्ट साधारण ३५ ग्रॅम लिटरला, म्हणजे २० लिटरच्या कॅनला ७०० ग्रॅमच्या आसपास लागतं. अंतिम माप मात्र रिफ्रॅक्टोमीटरनंच (खारेपणा मोजायच्या साधनानं) घ्या: ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार.

पायरी ४: खाद्य

पाण्यातून येतं ते सोडलं तर बाकीचं नायट्रेट-फॉस्फेट खाद्यातूनच आत येतं. मासे उपाशी ठेवा असं मी कधीच सांगणार नाही. बारीक, पोट आत गेलेला टँग मासा पाहवत नाही. पण गोठवलेल्या मायसिसची (कोळंबीसारख्या बारीक जिवांची) वडी थेट टाकीत टाकायची सवय मोडा. वडी आरओच्या पाण्यात विरघळवून चहाच्या गाळणीत धुवा आणि ड्रॉपरनं थोडं थोडं सोडा. दोन मिनिटांत संपेल एवढंच. खाली पडलेलं कोणी खात नसेल तर ते खाद्य नाही, खत आहे.

पंधरा दिवसांतून एकदा वाळूचा वरचा थर सायफनानं साफ करा, आणि खडकांच्या मागे साचलेला गाळ टर्की बास्टरनं (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीनं) उडवून सॉककडे जाऊ द्या. सॉक तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. त्यात अडकलेली घाण तिथेच कुजली, तर सॉक लावण्यात अर्थ नाही.

पायरी ५: उजेड आणि प्रवाह

टाकीवर खिडकीतलं ऊन येत असेल तर पडदा लावा. एलईडीचा पूर्ण उजेड आठ तासांवर ठेवा. पांढरा आणि लाल चॅनल खाली, निळा वर. कोरल्सना बहुतेक काम निळ्यावर भागतं. प्रवाह टाकीच्या आकारमानाच्या ताशी २० ते ३० पट असावा, म्हणजे २०० लिटरला पॉवरहेड (टाकीतले प्रवाहाचे पंप) मिळून ताशी चार ते सहा हजार लिटर. जिथे सायनो बसतं त्या कोपऱ्याकडे एक पंप वळवा.

पायरी ६: खत बाहेर काढायची कायमची सोय

फक्त पाणी बदलून किती फरक पडतो ते मांडून बघा. नायट्रेट ५० असेल आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं, नवी भर काहीच पडली नाही, तरी चार आठवड्यांनी ते ३३ च्या आसपास उतरतं. खाद्य तर रोज पडतंच. म्हणून दुसरी काही सोय लागते.

स्किमर (फेसाबरोबर घाण वरच्या कपात काढणारं यंत्र) सर्वांत आधी. कप आणि त्याची मान दर दोन-तीन दिवसांनी पुसा. मानेला चिकट थर बसला की फेस वर चढत नाही आणि स्किमर नुसता फिरत राहतो. सम्पमधली पाण्याची उंची स्थिर ठेवा.

माझ्या मते घरगुती टाकीसाठी सर्वांत भरवशाची सोय म्हणजे सम्पमध्ये केटोमॉर्फा. तारेच्या घासणीसारखी गुंतलेली हिरवी सागरी वनस्पती. आपल्याला जे नको ते शेवाळ वर जे खातं, तेच ही खाली खाते, आणि तिची वाढ आपल्या हातात राहते. तिचा दिवा रात्री लावा, म्हणजे वरचे दिवे गेल्यावर पीएच फार घसरत नाही. गोळा वाढला की तिसरा हिस्सा काढून टाका. कॉलर्पा मात्र शक्यतो टाळा. ती एकाएकी जननपेशी सोडून पांढरी पडते आणि साठवलेलं सगळं खत एका रात्रीत परत करते. शिवाय कोणतीही सागरी वनस्पती खाडीत किंवा गटारात सोडू नका. भूमध्य समुद्रात मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ १९८४ साली कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक छोटा पुंजका दिसला आणि पुढच्या काही वर्षांत ती हजारो हेक्टर समुद्रतळावर पसरली. काढलेली वनस्पती उन्हात वाळवून कचऱ्यात टाका.

फॉस्फेट फारच वर असेल, म्हणजे ०.२ पीपीएमच्या पुढे, तर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) वापरा, पण सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्यानं सुरुवात करा. फॉस्फेट धाडकन पडलं तर कोरल्स पांढरी पडतात. पाण्यातलं फॉस्फेट उतरल्यावर काही दिवसांनी आकडा पुन्हा चढलेला दिसेल. चुनखडीचा खडक फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाणी स्वच्छ झालं की हळूहळू सोडतो. खडक रिकामा होईपर्यंत चिकाटी ठेवावी लागते.

लक्ष्य काय ठेवायचं? नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. शून्य कधीच नाही. तुमचं मीटर फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवत असेल तर आकड्याला ३.०६६ नं गुणून हजारानं भागा. २० पीपीबी फॉस्फरस म्हणजे सुमारे ०.०६ पीपीएम फॉस्फेट.

पायरी ७: चरणारे प्राणी

हातानं काढून झाल्यावर जी खुरटी पालवी फुटते, ती खाणारं कोणी तरी टाकीत हवंच. समुद्रातल्या खऱ्या पोवळ्यांच्या खडकांवर हेच काम किती मोठं असतं ते जमैकानं दाखवलं. मासेमारीनं शेवाळ खाणारे मासे तिथे आधीच संपत आले होते, १९८० च्या वादळानं पोवळी मोडली होती, आणि १९८३ साली कॅरिबियन समुद्रात साथ येऊन शेवाळ चरणारे, लांब काट्यांचे डायडेमा अर्चिन (गोल, काटेरी सागरी जीव) जवळजवळ नाहीसे झाले. १९७७ साली तिथल्या तळावर सुमारे ५२ टक्के जिवंत पोवळी होती, ती १९९३ पर्यंत ३ टक्क्यांवर आली. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ वर गेलं.

२०० लिटरला दहा-बारा गोगलगायींनी सुरुवात करा. टर्बो मोठ्या जागा साफ करते पण उलटी पडली तर तिला अनेकदा सरळ होता येत नाही, रोज नजर टाका. नेराइट काचेवर छान काम करते. सेरिथ वाळूत शिरते. एक टक्सिडो अर्चिन हट्टी हेअर अल्गी सुद्धा खाऊन काढतो, मात्र सैल ठेवलेली कोरल्स उचलून पाठीवर घेऊन फिरतो. व्हॅलोनियासाठी एमराल्ड क्रॅब. माशांत लॉनमोअर ब्लेनी या आकाराच्या टाकीत राहते. टँग किंवा फॉक्सफेस घ्यायचा तर चार फुटांपेक्षा मोठी टाकी हवी. शेवाळ संपल्यावर यांच्यासाठी नोरी (वाळवलेलं खाण्याचं समुद्री शेवाळ) घालावी लागते, नाही तर ते उपाशी मरतात.

खरेदी करताना कायदा लक्षात ठेवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली सर्व खडक बांधणारी पोवळी, सी-फॅन, समुद्री काकड्या आणि समुद्री घोडे संरक्षित आहेत, काही मोठ्या शंखांच्या जातीही. कुर्ल्याच्या बाजारात कोणी ‘लक्षद्वीपचा लाइव्ह रॉक’ (जीव वसलेला समुद्रातला खडक) देऊ केला तर घेऊ नका. मालवणच्या समुद्रातून दगड किंवा शंखी उचलून आणू नका. सिरॅमिक किंवा कृत्रिम खडक वापरा; चार महिने धीर धरला तर त्यावरही कोरलाइन चढतं.

पायरी ८: औषधं, अगदी शेवटी

ब्रायोप्सिसवर फ्लुकोनाझोल चालतं. नेहमीची मात्रा लिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे २०० लिटरला १००० मिलिग्रॅम. हे माणसांचं बुरशीवरचं औषध आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, तेव्हा रीतसरच मिळवा. आधी हातानं जमेल तेवढं काढा, फिल्टरमधला कार्बन (सक्रिय कोळसा) काढून ठेवा, दोन-तीन आठवडे थांबा, मग पाणी बदलून कार्बन परत लावा. केटोमॉर्फा त्या काळात वेगळ्या बादलीत ठेवा.

सायनोवर आधी तीन दिवस पूर्ण अंधार करून बघा: दिवे बंद, टाकीभोवती काळं कापड. मरणारे जिवाणू ऑक्सिजन ओढतात, म्हणून एअर पंप चालू ठेवा. आपल्याकडे वीज जाते, तेव्हा बॅटरीवरचा पंप हाताशी हवाच. अँटिबायोटिक मी स्वतः सुचवत नाही. खडकातले उपयोगी जिवाणू घडवायला महिने लागतात.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे थांबा. वहीत तारीख, नायट्रेट, फॉस्फेट आणि त्याच कोनातून काढलेला फोटो एवढं ठेवलं तरी पुरे. हेअर अल्गी भरगच्च असेल तर सहा ते बारा आठवडे धरून चाला. शेवाळ घटू लागलं की चाचणीतले आकडे थोडे वर चढतात, कारण खाणारा कमी झालेला असतो. तेव्हा घाबरून जीएफओ दुप्पट करू नका, केटोमॉर्फाला वाढू द्या.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांच्या हाती खाद्याचा डबा देऊ नका. रोजच्या मात्रेच्या पुड्या बांधून त्यावर तारखा लिहा आणि त्यांना दाखवून ठेवा. भरीचं पाणी ऑटो टॉप-ऑफवर (पातळी घटली की आपोआप पाणी घालणाऱ्या यंत्रावर) सोडा, सॉक काढून ठेवा, आणि निघायच्या आदल्या दिवशी स्किमरचा कप रिकामा करा.